अझेलियाचं पान आणि मुलांचे डॉक्टर

हसणार नसाल तर सांगते. मंदीच्या वर्षी इथे आखातात नवऱ्याच्या ऑफिसात रोज कुणालातरी नारळ मिळत होता, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या बॉसची बायको आपलं लाडकं कुंडीतलं फुलझाड, अझेलिया, माझ्याकडे सोपवून महिनाभर भारतात गेली. आठवड्यात पानांवर पांढरे ठिपके आणि खालून बारीक जाळी.

नवरा म्हणाला, "हे झाड गेलं की मीपण खलास."

दुसऱ्या दिवशी आमच्या एकुलत्या लेकीची लस होती. आमच्या करामा भागातल्या मराठी डॉक्टरांपुढे मी पर्समधून त्या झाडाचं एक पान काढलं. त्यांनी कान तपासायच्या दिव्याने शांतपणे पाहिलं.

"लाल कोळी नावाची कीड आहे. पानं खालून साबणाच्या पाण्याने धुवा."

मी सवयीने विचारलं, "आणि ताप आला तर?"

झाड वाचलं, नोकरीही. पण लेकीला तपासून झालं की डॉक्टर अजून विचारतात, "आणि धाकटी कशी आहे?"