ताईंनी घरात जुळवलेली जीप

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या भूमापन विभागाच्या संचालक बाई. त्यांच्या शेजारी बसलेले, या कार्यालयाचे माझ्याआधीचे दोन प्रमुख. ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या मुख्य आरेखक, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ताई. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे यजमान, म्हणजेच या कार्यालयाचे एकेकाळचे चालक, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. आणि खुर्च्या न मिळाल्याने मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी,

निरोपाच्या समारंभात माणूस दुसऱ्याविषयी चांगलं बोलतो. मला आज सुरुवात स्वतःविषयीच्या वाईटाने करावी लागणार आहे. कार्यालयाच्या मागच्या अंगणात आमची जुनी जीप दीड वर्ष उभी होती. चाकं जमिनीत रुतलेली, इंजिन जाम. तिच्या कागदावर मी शेरा मारला, 'दुरुस्तीच्या पलीकडे'. खाली सही केली, तारीख घातली आणि चहा प्यायला गेलो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायला हवं होतं का? हो, हवं होतं. कारण ती गाडी बावीस वर्षं उस्तादांनी चालवली होती, आणि ती उभी राहिली होती ती त्यांना पक्षाघाताचा झटका आला त्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी आल्या. हातात अर्ज.

"साहेब, जीप मला घरी न्यायची आहे."

मी म्हणालो, "ताई, तिचं काय करणार तुम्ही?"

"चालवणार."

"अहो, तिचं इंजिनसुद्धा फिरत नाही."

"माझ्या घरी एक माणूस आहे, तोही दीड वर्ष भिंतीकडे बघत बसलाय," ताई म्हणाल्या. "त्याला गाडीतलं कळतं, मला हात आहेत. तुम्ही फक्त सही द्या."

मी सही दिली. खरं सांगायचं तर कीव करून दिली. आज त्याची लाज वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झटक्यानंतर उस्तादांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं जवळपास गेलं. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, 'नाही'. हो म्हणायचं असलं तरी तोंडातून 'नाही'च यायचं. चहा हवा? नाही. आणि कप पुढे ओढायचे. घरातल्यांनी हळूहळू त्या 'नाही'कडे लक्ष देणंच सोडून दिलं होतं. या गोष्टीची पुढे ताईंना चांगलीच किंमत मोजावी लागली.

जीप त्यांच्या दारात ओढून नेली. ताईंना तोपर्यंत पान्याचे आकडे वाचता येत नव्हते. पण एक गोष्ट त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली येत होती. कोणताही भाग सोडवण्याआधी त्यांनी त्याचं चित्र काढलं. कार्यालयात डोंगर काढतात तसं, मापासकट. बाहेरच्या खोलीची एक भिंत त्या चित्रांनी भरली. सुटलेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर, जमिनीवर पसरलेल्या कागदावर आपापल्या चित्रावर ठेवलेला. उस्ताद खुर्चीतून बघत असत. चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने एक बोल्ट उचलला आणि शेजारच्या चित्रावर ठेवला. ताईंचं चुकलं होतं. दीड वर्षात त्यांनी आपणहून केलेलं ते पहिलं काम.

इंजिनाचे प्लग काढून आत तेल आणि रॉकेल ओतलं. रोज सकाळी आंघोळीआधी दोघं पुढचं हँडल धरून जोर लावायची. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी हँडल बोटभर हललं. ताई त्या दिवशी कामावर अर्धा तास उशिरा आल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "हललं." मला वाटलं, घरी भूकंप झाला की काय.

त्या वर्षी त्यांच्या घरात कोणी पाहुणे टिकले नाहीत, असं त्यांची मुलगी सांगते. ती इथेच बसली आहे. ती माहेरी आली तेव्हा आंघोळीच्या बादलीत कार्बोरेटर भिजत होता. स्वयंपाकघरात आईने कढईत तेल तापत ठेवलेलं.

"आई, काय तळतेस?"

"बेअरिंग," आई म्हणाली. "तापलं की फुगतं, मग दांड्यावर अलगद बसतं. तू भाजी चिर, मला आत्ता हात लावता येणार नाही."

इंजिन लागलं, ब्रेक झाले, पुढच्या चाकांचे सांधे झाले. राहिला गिअरबॉक्स. शेजारच्या बेकरीवाल्यांनी पिठाची पोती चढवायची कप्पी दिली, तिने तो खोका खाली उतरवला. तीन आठवडे ताई तो खोलून बसल्या होत्या. शेवटचं झाकण बसवायच्या वेळी उस्ताद म्हणाले, "नाही." ताईंनी पाना फिरवला. "नाही." ताई म्हणाल्या, "हो हो, झालंच." "नाही." झाकण बसलं. कप्पीने खोका परत वर चढला. संध्याकाळी ताई झाडायला बसल्या, तर कागदाच्या घडीखाली पितळेचा एक वॉशर. रुपयाएवढा, मध्ये भोक.

ताई मला म्हणाल्या होत्या, "साहेब, मी त्या वॉशरकडे बघत बसले आणि मला रडू आलं. वॉशरचं नाही. हा माणूस तीनदा सांगत होता आणि मी ऐकलं नाही. म्हणजे दीड वर्षात अजून किती वेळा ऐकलं नसेल?"

त्या उठून उस्तादांसमोर बसल्या. म्हणाल्या, "खरंच 'नाही' म्हणायचं असेल, तर तळहात दोनदा आपटा. मी हातातलं काम तिथल्या तिथे ठेवीन. शब्द आहे माझा." उस्तादांनी वॉशरकडे बोट केलं आणि खुर्चीच्या हातावर तळहात आपटला. दोनदा. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स पुन्हा खाली आला.

आता ताईंना हे सगळं कशासाठी करायचं होतं? नवऱ्यासाठी, हे तर झालंच. पण माझ्यासाठी त्यापुढचं कारण ऐकणं जास्त अवघड होतं. ताईंनी तीस वर्षं उत्तरेचा डोंगर काढला. मोजणीच्या वह्या जीपमधून खाली यायच्या, आणि ताई टेबलाशी बसून त्या आकड्यांचा डोंगर करायच्या. डोंगरावर मोजणीचा दगडी खांब आहे, तो त्यांनी निदान चाळीस नकाशांवर काढला असेल. पण डोळ्यांनी बघितला नव्हता. दोनदा त्यांनी मोजणीला येऊ का म्हणून विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, गाडीत जागा नाही. त्यातलं दुसरं उत्तर माझं आहे.

गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, ताईंचा निरोप आला. "साहेब, गाडीत जागा आहे. येणार का?"

मी गेलो. शहाणपणा करून मागून कार्यालयाची नवी गाडीही घ्यायला लावली. म्हटलं, ओढून आणायला लागली तर असावी. वाटेतल्या तिसऱ्या वळणावर रस्ता खचला आहे, नुसते दगड आणि भुसभुशीत माती. आमची नवी गाडी तिथे पोटावर टेकली ती टेकलीच. तिच्या चालकाने खाली उतरून हात वर केले. ताईंनी जीप थांबवली. स्टिअरिंगवर त्या, शेजारी डाव्या बाजूला उस्ताद, मागे मी आणि त्यांची मुलगी. चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा मध्ये असतो. उस्तादांनी त्यावर आपला उजवा हात ठेवला, त्या हातावर डावा हात ठेवला, आणि दोन्ही मिळून ओढला. खट्. तो उजवा हात पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण त्या दिवशी त्याने आपलं काम केलं.

गाडी दगडांवर चढायला लागली. अर्ध्यावर मागचं चाक घसरलं, गाडी दरीच्या बाजूला कलली. उस्ताद म्हणाले, "नाही." मी म्हणालो, "ताई, थांबा, ते नाही म्हणतायत." ताईंनी एकदाच खाली बघितलं. उस्तादांचा तळहात मांडीवर शांत पडला होता. ताई म्हणाल्या, "साहेब, ते चला म्हणतायत." आणि त्यांनी पाय दाबला.

आम्ही वर पोचलो, मंडळी. 'दुरुस्तीच्या पलीकडे' गेलेल्या गाडीतून.

ताई उतरल्या आणि खांबापाशी गेल्या. मला वाटलं, आता डोळे पुसतील. त्यांनी चष्मा पुसला. चारही दिशांना बघितलं. मग पिशवीतून नकाशा काढून दगडावर पसरला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, ओढा चुकलाय. आपण तो खांबाच्या पूर्वेला दाखवतो. तो पश्चिमेला आहे. तीस वर्षं मी चुकीचा काढतेय." मी बघितलं. खरंच पश्चिमेला होता. कोणीतरी वहीत आकडा शेजारच्या रकान्यात लिहिला होता. त्या वर्षीची वही कोणाच्या अक्षरात आहे ते मी सांगणार नाही. ते व्यासपीठावर बसले आहेत आणि आत्ता खाली मान घालून हसत आहेत.

एखाद्याने ती चूक तिथेच सोडली असती. ताईंनी पुढचे तीन रविवार वर जाऊन ओढा मोजला. जीप तिन्ही वेळा चढली. टेप धरायला उस्ताद होते.

संचालक बाईंच्या हस्ते आता ताईंना जी भेट द्यायची आहे, ती म्हणजे हा नवा नकाशा. परवाच छापून आला. ओढा पश्चिमेला आहे. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहिलेलं असतं आणि तीस वर्षं कोणा दुसऱ्याची सही असायची, तिथे ताईंची सही आहे. टेप धरणारा म्हणून उस्तादांचंही नाव आहे. नियमात बसतं का, ते मी बघितलेलं नाही. या वेळीही खाली सही माझीच आहे, आणि ही मात्र मी दोनदा वाचून केली.

ताई, या. उस्तादांनाही हात देऊन वर आणा.

संचालक बाईंनी वेळ काढला, आपण सगळ्यांनी इतकं ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं गुपित फुटलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. एक शेवटची विनंती. जीप फाटकात उभी आहे, आणि ताई तिनेच घरी जाणार आहेत. ज्यांनी तिच्यापुढे गाड्या लावल्या आहेत, त्यांनी कृपया वाट मोकळी करावी.