कठड्याला बांधलेली पिशवी

रखवालदार : सोडा ती गाठ. आधी सोडा, मग बोला.

बाई : अहो, केवढ्यानं ओरडलात! दचकले ना मी. कठडा आहे म्हणून बरं, नाहीतर गेलेच असते खाली.

रखवालदार : दचकणारच. सकाळपासून त्या झाडामागे दबा धरून बसलोय. पहिली बस आली, तुम्ही उतरलात, इकडेतिकडे पाहिलंत आणि थेट या दांडीला पिशवी बांधायला घेतलीत. सापडलात एकदाच्या! खाली तलावाच्या काठावर दर महिन्याला ते लाल कागद येतात, ते तुमचेच ना?

बाई : कसले कागद? मी काही टाकत नाही. ठेवून जाते.

रखवालदार : टाकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो बघा. ठेवलंय काका, जाताना नेतो. एका पठ्ठ्यानं तर गाडीतून जुनी गादी आणली आणि दिली लोटून. वर मला सांगतो, गरिबाच्या उपयोगी पडेल. खाली कोण गरीब राहतं? मासे?

बाई : त्या गादीवाल्याचा राग माझ्यावर का काढताय?

रखवालदार : कारण ती गादी मी वर ओढली. भिजलेली. तुमच्या वेफर्सच्या पुडीचा कागदही मीच काढतो. तुम्ही पाठ फिरवली की माकडं पिशवी फाडतात, पुडी घेऊन खाली जातात, खातात, आणि कागद पाण्यात. मग मी कमरेला दोर बांधायचा, काठीला आकडा लावायचा आणि उतरायचं. मागच्या खेपेला पाय सटकला. अजून जिना चढताना गुडघा बोलतो माझा.

बाई : माकडं खातात?

रखवालदार : मग काय, इथे ठेवलेल्याची राखण करत बसतात? साहेबांनी परवाच सुनावलंय मला. काठ स्वच्छ राहत नसेल तर ही वाटच बंद करू म्हणाले. खाली फाटक, फाटकाला कुलूप. मग कोणीच यायचं नाही इथे.

बाई : नाही हो, असं नका करू. बंद नका करू.

रखवालदार : मी कुठे करतोय? तुम्हीच करायला लावताय. चला आता गेटवर. आमची एक पद्धत आहे. कचरा करणाऱ्याचा फोटो काढायचा आणि तिकीट खिडकीशेजारच्या फळ्यावर लावायचा. नाव नाही, पत्ता नाही, नुसता चेहरा. दंड भरून लोक हसत निघून जातात, पण फळ्याला सगळे टरकतात. एक गृहस्थ पुन्हा सहकुटुंब आले, तर त्यांची पोरगीच सगळ्यांदेखत ओरडली, बाबा, हे तुम्ही! तेव्हापासून त्यांच्या गाडीत कचऱ्याचा डबा असतो.

बाई : लावा माझाही. चांगला मोठा करून लावा. पण पिशवी इथेच राहील.

रखवालदार : ही काय दादागिरी झाली?

बाई : माझ्या लेकीची आहे ती पिशवी.

रखवालदार : मग लेकीला बोलवा. तिला म्हणावं, येऊन घेऊन जा.

बाई : बोलावून आली असती तर मी कशाला बसचे धक्के खात आले असते, दादा?

रखवालदार : म्हणजे?

बाई : खालच्या वळणावर ट्रकनं उडवली तिला. इथूनच घरी परत येत होती. नोकरी लागल्यापासून सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायची आणि इकडे यायची. एकटी. हीच जागा, असं सांगायची, दोन दांड्यांमधली एक वाकडी आहे ना, तिथे. ही पुडी आणि ही बाटली घ्यायची, पाय खाली सोडून बसायची. मला किती वेळा म्हणाली, आई, चल एकदा माझ्याबरोबर. मी म्हणायचे, मला गुडघे आहेत, मला घर आहे, पाणी बघायला कशाला एवढं लांब जायचं? आता येते. गुडघे तेच आहेत.

रखवालदार : मला माहीत नव्हतं, ताई.

बाई : तुम्हाला कसं असणार? थांबा, बाटली राहिली. ती मी खाली त्या दगडाच्या सावलीत ठेवते. ऊन लागलं की लगेच गरम होते.

रखवालदार : ही बाटली... पिवळ्या झाकणाची... हीसुद्धा तुम्हीच ठेवता?

बाई : हो. का?

रखवालदार : काही नाही. कागद टाकणारा वेगळा आणि बाटली विसरणारा वेगळा, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाई : दादा, एक सांगू? हसू नका. पुढच्या वेळी मी येते तेव्हा इथे काहीच नसतं. पुडी नाही, बाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, वाऱ्यानं गेलं असेल. पण दर वेळी? बाटली तर सावलीत असते, तिला कुठला वारा नेणार? मग मी मनाशी म्हटलं, पोहोचतंय. कोणाला बोलले नाही मी हे. मुलगा म्हणेल, आईचं डोकं फिरलं. पण बसमध्ये बसले की घरी जाईपर्यंत मला शांत वाटतं. तेवढीच एक वेळ असते हो, जेव्हा मी रडत नाही.

तिकीटवाली : भाऊजी! अहो भाऊजी! सापडलं का गिऱ्हाईक? मोबाइल आणलाय मी, फोटो इथेच काढू की खाली?

रखवालदार : वहिनी, तुम्ही खिडकी सोडून कशाला आलात? जा बरं. मी येतो.

तिकीटवाली : वा! महिनाभर माझं डोकं खाल्लंत त्या लाल कागदांपायी, आणि आता एकट्यानंच मजा बघणार? अगं बाई, ही बाटली! भाऊजी, बघा तरी, आपली पिवळ्या झाकणाची! म्हणजे ते विसरभोळं माणूस तुम्ही होय? अहो, दर वेळी सीलबंद मिळते. भाऊजी अर्धी पितात, अर्धी माझ्यासाठी आणतात. उन्हातून इतकी गार लागते म्हणून सांगू...

रखवालदार : वहिनी!

तिकीटवाली : काय झालं? मी काय बोलले?

(बाई कठड्याला टेकून खाली बसते.)

बाई : तुम्ही पीत होतात.

रखवालदार : हो.

बाई : प्रत्येक वेळची?

रखवालदार : हो, ताई. कोणीतरी विसरून गेलंय, असंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

बाई : खोटं सांगितलं असतंत तर चाललं असतं मला.

तिकीटवाली : भाऊजी, कोण आहेत या? रडताहेत का?

रखवालदार : त्या वळणावर स्कूटर होती ना, ट्रकखाली आली ती. त्या मुलीच्या आई. बाटली तिच्यासाठी ठेवत होत्या.

तिकीटवाली : अरे देवा! आणि मी दात काढत... ताई, जीभ झडो माझी. ती चुणचुणीत मुलगी ना, चष्मा लावायची? माझ्या ओळखीची होती हो. सुट्टे पैसे काढून तयार ठेवायची आणि खिडकीशी आली की म्हणायची, मावशी, आज पाणी कोणत्या रंगाचं आहे? मी रोज इथे असून कधी बघितलं नव्हतं. तिच्यामुळे बघायला लागले.

बाई : असं विचारायची?

तिकीटवाली : दर वेळी. मी सांगायचे ते तिला पटायचंच नाही. खाली येताना म्हणायची, मावशी, हिरवं नाहीये, नीट बघा.

बाई : घरी कधी पाण्याचं बोलली नाही. की बोलली आणि मीच ऐकलं नाही, कोण जाणे. बाटली पिताना तुम्ही काय म्हणायचात हो? काहीतरी म्हणत असाल ना?

रखवालदार : वहिनी म्हणायच्या, ज्याची असेल त्याला सुखी ठेव रे बाबा.

बाई : मला नाही लागू पडलं ते.

तिकीटवाली : माफ करा, ताई.

बाई : तुमचा काय दोष? उघड्यावर ठेवलेलं कोणीही नेणार. मीच वेडी. चला, दादा, काढा फोटो. नाहीतर उद्या वाट बंद होईल आणि मग मला बसायलाही जागा उरणार नाही.

रखवालदार : वहिनी, तो मोबाइल आत ठेवा. फोटोबिटो काही नाही. ताई, पण एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुमचं सगळं ऐकूनही पिशवी मी इथे राहू देणार नाही. तुम्ही गेलात की माकडं येणारच. तिच्या आवडीच्या पाण्यात तिच्याच पुडीचा कागद तरंगणार आणि मी तो आकड्यानं ओढणार. तिला तरी आवडेल का हे?

बाई : मग मी करू काय? रिकाम्या हातानं यायचं? आईनं लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं?

रखवालदार : आणा की. रोज आणा. इथे बसा, खा, प्या, आणि रिकामं झालेलं पिशवीत घालून घरी न्या. तेवढंच सांगतोय मी.

बाई : मी खाऊ? तिच्या वाटचं आहे ते.

तिकीटवाली : ताई, तिच्या वाटचं इतके दिवस आम्ही प्यायलो. माकडांनी खाल्लं. सगळ्यांनी खाल्लं, एका आईनं तेवढं नाही.

बाई : मी असलं कधी खात नाही हो.

रखवालदार : वाकड्या दांडीपाशी बसा. तिथे सावली आहे. वहिनी, त्यांना हात द्या. सावकाश. पाय खाली सोडू नका मात्र, तेवढा नियम पाळा.

तिकीटवाली : आणा ती पुडी, मी फोडून देते. तुकडा खाली पडायला नको, नाहीतर भाऊजी माझाच फोटो लावतील. हं, घ्या.

बाई : एकच घेते.

रखवालदार : घ्या.

बाई : आई गं! केवढं तिखट आहे हे! डोळ्यांतून पाणी आलं. आणि घरी ताटावर बसली की मला म्हणायची, आई, भाजीत तिखट कमी घालत जा.

तिकीटवाली : थांबा, बाटली उघडते. घोटभर प्या, तोंड शांत होईल.

बाई : नको. राहू दे हे तिखट जरा वेळ तसंच.