भंडारा उचलण्याआधी

तानुबाई: आणि कुठली खाडी, एवढं बी विचारलं न्हाईस?

गुंडाप्पा: न्हाई अक्का. श्रीशैल म्हणाला, गोव्यात त्यो कामाला हाय ती खाण वाढवायलेत, सरकारी सुनावणी हाय. आपल्याकडनं माणसं न्यायची, खाण पायजे म्हणून हात वर करायचा. म्हणलं, पोराचं काम हाय.

तानुबाई: आणि शपथेला भंडारा उचललास.

गुंडाप्पा: मैलारच्या देवाचा. देवळापुढं. मी आधी उचलला, मग समद्यांनी.

श्रीशैल: आत्या, जबरदस्ती न्हाई केली. मुकादम म्हणत होता, माणसं ऐन वक्ताला फिरतात. मी म्हणलं, आमच्या धनगरानं भंडारा उचलला की फिरत न्हाई.

तानुबाई: देव तुला तेवढ्यालाच आठवला व्हय रे?

श्रीशैल: टिप्पर चालवतो मी तिथं. खाण बंद पडली तर काय, हितं कोळारला गोदामात पोती उचलू?

तानुबाई: बंद कोण करायलंय? ती वाढायलीय, पार खाडीच्या काठापत्तूर. सुमनबाईचा फोन आला व्हता. तांबडा गाळ उतरून निम्मी खाडी मेली म्हणाली. शिंपल्या न्हाईत, जाळ्यात नुसता चिखल. आणि म्हणाली, बीदरकडची माणसं आणायलेत म्हणं आमच्या इरोधात. वळखीचं कोण असलं तर सांगा त्यांना.

गुंडाप्पा: तू काय म्हणलीस?

तानुबाई: काय म्हणू? विचारून सांगते म्हणलं.

श्रीशैल: कोण सुमनबाई?

तानुबाई: सांग की त्याला. तवा ह्ये पोरगं हितं आजीपाशी व्हतं, लहान.

गुंडाप्पा: तुझी आई गेली तवा आम्ही त्याच खाडीवर पुलाच्या कामाला. अक्का बी व्हती. ठेकेदार म्हणाला, मढं झोपडीत ठेवू नका. गावानं जागा दिली न्हाई. सुमनबाई काठावरच्या होडीवाल्यांच्या वाड्यातली, मासे इकायला यायची, तिनं बघितलं. तिच्या नवऱ्यानं समद्या होड्या काठाला वढून ठेवायला लावल्या. त्या दिशी खाडीत कोणच गेलं न्हाई. त्यांची रीत जाळायची, आपली मातीची. तरी त्यांच्या मसणात जागा दिली. खड्डा बी त्यांनीच काढला. मी नुसता हुबा.

श्रीशैल: आईला गोव्यात माती दिली, एवढंच ठाऊक होतं मला.

गुंडाप्पा: मी सांगितलंच न्हाई कधी.

श्रीशैल: उद्या सकाळी बस यायलीय, अप्पा. सायबाला काय सांगू?

गुंडाप्पा: माझ्या बापानं सबूद मोडला म्हण.

श्रीशैल: मला काढतेल.

गुंडाप्पा: व्हय. काढतेल.

तानुबाई: आणि भंडाऱ्याचं?

गुंडाप्पा: मैलारला जाऊन पाया पडतो. काय करायचं ते देव करंल. देवापुढं जाता येतंय अक्का. ज्यांनी माझ्याकडं बघून उचलला, त्यांच्यापुढं कसं जाऊ?

तानुबाई: मी येऊ संगं?

गुंडाप्पा: नको. तू आलीस तर तुलाच बोलू देईन मी.

(संगं भंडारा उचललेल्या अमृतप्पाच्या दारात.)

गुंडाप्पा: अमृतप्पा, हायस का घरात? ... न्हाई, बस उद्याच. ... न्हाई, आत येत न्हाई. हितंच बोलतो.