बाराच माणसं

मला नाही म्हणता येत नाही, हे माझ्या मामाला माझ्याआधी कळलं होतं. मालवणात माझी पर्यटकांची होडी आहे. त्यात माणसं बारा आणि लाइफ जॅकेटंही बारा. मे महिन्यात मामा पाहुणे घेऊन जेटीवर आला, त्याच्यासकट चौदा जण, आणि सगळ्यांना होडीत बसवायला लागला.

मी म्हटलं, "मामा, बाराच. दोघांका दुसऱ्या फेरीत नेतंय."

"दोन माणसांनी काय होडी बुडतली? गेल्या वर्षी पंधरा नेलंस मा?"

नेले होते. तेव्हा परतताना वारा सुटला, होडीत पाणी आलं आणि एका बाईने आपलं तान्हं मूल माझ्या हातात दिलं. हे मी घरीही कोणाला सांगितलं नव्हतं.

"होय, नेलंय," मी म्हटलं. "म्हणानच आज नेवचंय नाय."

"भयणीचो झील माका शिकयता!" भाचा शिकवतो याचा राग येऊन मामा सगळ्यांना घेऊन दुसऱ्या होडीत बसला. समुद्र अगदी शांत होता. तासाभराने सगळे हसत उतरले.

मामा माझ्यासमोर थांबला. "बघलंस? काय एक झाला नाय."

"बरा झाला," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. थेट दिवाळीत त्याचा फोन आला.

"व्याही येतत. होडीत किती जणांची जागा आसा?"

"बारा."

मामाने फोनवरच एकेकाचं नाव घेत माणसं मोजली. मग म्हणाला, "आमी तेरा आसंव. मी काठार रवतंय."