ओसरीवरची पावलं

मोंटानातल्या त्या बंदुकीच्या दुकानात मासेमारीचा परवाना घ्यायला थांबलेली नेडीन बाहेरचा भुरभुरता बर्फ बघत पेंगत होती. रांगेत पुढे उभ्या म्हातारीचं दुकानदाराशी चाललेलं बोलणं कानात झिरपत होतं.

"छोटंसं पिस्तूल दाखव रे ड्वाइट, तीनशे डॉलरच्या आतलं."

"हे बघा, व्हर्नाबाई. पर्समध्ये मावेल."

"गोळी भरायला ह्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, तेवढा बोटांत जोर कुठाय माझ्या!"

"मग हे जुनं रिव्हॉल्व्हर घ्या. पण हवंय कशाला?"

"लेक म्हणते, हत्यार ठेव, नाहीतर शहरात चल. तिन्हीसांजेला ओसरीवर पावलं वाजतात ना."

"कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची, ओरिनची. मातीआड करून वर्ष झालं, पण पायरीवर अजून तस्साच थबकतो. मी आपली कॉफी ठेवते."

"…गोळ्या किती देऊ?"

"गोळ्या नकोत रे बाबा. चुकून त्यालाच लागायची एखादी."