रोशनीच्या साक्षगंधाला

(नंदनवनमधल्या एका मंगल कार्यालयाबाहेर उभी असलेली कार. आत रोशनीचा साखरपुडा. दुपारची वेळ.)

देवकी : आता उतर ना वं वहिनी. किती वेळ बसशील कारमधे?

शोभा : तू हो पुढं. मी येते.

देवकी : येते येते म्हणून राहिली अन् दरवाज्याले हात बी नाही लावून राहिली. मी आत गेली की तू ऑटो पकडून हुडकेश्वरले घरी परत जाशील. मयुराच्या डोहाळजेवणाले हेच केलं ना तू.

शोभा : त्या दिवशी डोकं दुखत होतं माझं.

देवकी : डोकं नव्हतं दुखत. चप्पल काढून आत आली, जराशी उभी राहिली अन् गायब. आम्ही सारे पानं वाढून तुले हुडकत होतो.

शोभा : तिथं एक बाई माझ्याजवळ आली. हसून म्हणाली, ओळखलं का? देवकी, मला काहीच आठवेना. कोण, कुठली, काही नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहून राहिली होती. मी चप्पल घालून निघाले.

देवकी : मंग? विचाराचं सरळ, बाई तू कोण म्हणून.

शोभा : ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी नावंच गेली होती.

देवकी : अरे देवा! तू हे घेऊन बसली का डोक्यात? म्हणून कोणाकडे येत नाही, फोन उचलत नाही? अवं, मी काल माझ्याच पोराले, दुर्गेशले, आयुष म्हणून आवाज देत होती, अन् धाकट्या आयुषले कुत्र्याच्या नावानं.

शोभा : तू विसरलीस की लोक हसतात. मी विसरले की एकमेकांकडे पाहतात.

देवकी : मंग डॉक्टरले दाखव एकदाचं. मी येते सोबत.

शोभा : दाखवलं. रामदासपेठेत. कोणाला सांगितलं नाही.

देवकी : एकटी गेली? अन् काय म्हणे?

शोभा : काही निघालं नाही. म्हणाले, इतकी वर्षं नीट झोपल्या नाहीत तुम्ही, थकल्या आहात. माणसांत जात जा.

देवकी : झालं ना मंग! कायले घाबरून राहिली?

शोभा : ह्यांच्या वेळीही पहिल्यांदा काही निघालं नव्हतं.

देवकी : वहिनी, तुझ्यासमोर आता काय बोलाव मी?

शोभा : अन् आत जाऊन मी तरी काय बोलू? "तोंड उघडा. हे पाणी आहे. घाबरू नका, मी आहे ना." इतकी वर्षं ह्यांच्याशी एवढंच बोलले मी. परवा दूधवाला पायऱ्या उतरत होता, तर त्याला म्हणाले, हळू, आधी डावा पाय. तो बिचारा बघतच राहिला.

देवकी : ऐकलं असंन ना त्यानं पण. डावाच टाकला असंन.

शोभा : हसू नको. मागं अशाच हॉलमध्ये हे ओरडले होते. ही बाई कोण आहे, माझ्यामागं काहून फिरून राहिली? आठवतं ना? सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

देवकी : होती ना मी तिथं. ते कोणाच्या ध्यानात बी नसंन आता.

शोभा : माझ्या आहे. थांब... ते कोण येऊन राहिले? पांढरा सदरा. इकडेच येऊन राहिले. देवकी, कोण आहेत ते?

देवकी : दादाच्या पोस्टातले कोणी दिसते. मले नाव नाही माहीत.

शोभा : मला माहीत आहे. आमच्या घरी जेवलेत ते. अगं, नाव... काच वर कर. लवकर कर.

देवकी : काच वर करून काय होते? पाह्यलं त्यायनं आपल्याले.

प्रेमानंद : नमस्कार वहिनी. गाडी मघापासून उभी दिसली, म्हणून म्हटलं बघून यावं. बरं वाटत नाही का?

शोभा : नमस्कार. नाही, बरी आहे मी. म्हणजे... भाऊजी, मला तुमचं नाव आठवून नाही राहिलं.

प्रेमानंद : प्रेमानंद. पार्सलच्या खिडकीवर मधुसूदनभाऊंच्या शेजारी बसत होतो मी.

शोभा : हो. प्रेमानंदभाऊजी. हो, हो.

प्रेमानंद : त्यात काय एवढं. वहिनी, मीच तुमच्याकडे यायचं म्हणत होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो. तुमचं दुःख अजून ताजं, त्यात आपलं काय सांगावं?

शोभा : काय झालं भाऊजी?

प्रेमानंद : माझ्या बायकोला, बायजाला, भाऊंचाच विसरण्याचा आजार निघाला. आत कोपऱ्यात बसली आहे. लोक येतात, नमस्कार करतात अन् सटकतात. ती सारखी विचारते, माझी माय कुठं गेली? तिची माय जाऊन जमाना झाला. मी सांगतो, गेली ती. मग ती अशी रडते, जशी माय आजच गेली. थोड्या वेळानं पुन्हा विचारते, पुन्हा रडते. रोज मीच तिला रडवून राहिलोय. काय सांगू तिला?

शोभा : गेली म्हणून सांगू नका.

प्रेमानंद : मग काय खोटं बोलू?

शोभा : खोटं नको. मायबद्दल विचारा. माय काय रांधायची, कोणत्या बाजाराला जायची. त्या सांगत बसतील. माय कुठं आहे, हे त्यांना नको असतं भाऊजी. माय पाहिजे असते. मलाही हे फार उशिरा समजलं.

प्रेमानंद : हे मला कोणीच सांगितलं नाही. वहिनी, जरा आत येता? थोडं बसा तिच्याजवळ.

देवकी : भाऊ, तुमच्यावर बेतलं हे खरं हाय. पण हिले आज तरी सोडा. इतके वर्षं हिनं हेच केलं. मी हिले मोकळं कराले आणलं इथं.

प्रेमानंद : बरोबर आहे तुमचं. चुकलं माझं. येतो मी.

शोभा : थांबा भाऊजी. देवकी, माझी पर्स दे.

देवकी : वहिनी, पुन्हा तेच का?

शोभा : हात धर जरा. आत बाकी कोणाशी काय बोलायचं हे मला नाही माहीत. तिच्याशी माहीत आहे. तेवढ्यासाठी तरी जाऊ दे मला.

*

बायजाबाई : तुम्ही कोन वं?

शोभा : मी शोभा. पोस्टातल्या मधुसूदनची बायको.

बायजाबाई : साडी झ्याक हाय. तुमचे मालक नाही आले?

शोभा : नाही. ते... ते वारले. दिवाळीच्या आधी.

बायजाबाई : अगं माय! अन् नवरी कोनाची हाय?

शोभा : सुशीलभाऊंची. रोशनी.

बायजाबाई : गुनाची दिसते. तुमचे मालक नाही आले?

शोभा : नाही बायजाताई. वारले.

बायजाबाई : अगं माय! कसे होते?

शोभा : कसे म्हणजे?

बायजाबाई : मानूस कसा होता, म्हनते मी.

शोभा : हे कोणी विचारलंच नाही मला. सगळे विचारतात, शेवटी फार त्रास झाला का.

बायजाबाई : मंग सांगा ना.

शोभा : बोलके होते. फार बोलके. पहिल्या दिवशी एकटे सिनेमा पाहून यायचे, अन् दुसऱ्या दिवशी मला घेऊन तोच पाहायला जायचे. मग बाजूच्या माणसाला सारखं सांगायचे, आता हा मरते, आता ती येते. एकदा तो माणूस वैतागून म्हणाला, भाऊ, तुम्हीच जा ना पडद्यावर!

बायजाबाई : हा हा! मंग गेले का?

शोभा : उठले होते खरंच! मी शर्ट ओढून खाली बसवलं. मग मध्यंतरात त्याच माणसाला समोसा खाऊ घातला अन् शेवटही सांगून टाकला.

बायजाबाई : वात्रट मानूस!

शोभा : वात्रटच होते. असा राग यायचा मला, अन् हसू आवरायचं नाही.

देवकी : वहिनी, काय चाललं इथं? तिकडच्या बाया इकडेच पाहून राहिल्या.

शोभा : काहून? मी काही चुकीचं बोलले का? आवाज मोठा झाला का माझा?

देवकी : अवं नाही. विचारून राहिल्या, शोभाताई एवढं काय सांगून राहिल्या म्हणून.

शोभा : तुझ्या दादाचं सिनेमाचं सांगत होते.

देवकी : शेवट सांगून टाकाचा ते? मले बी घेऊन गेला होता एकदा, साऱ्या पिक्चरचा सत्यानाश केला. वहिनी, असा दादा मी विसरूनच गेली होती. डोळे मिटले का मले तो पलंगावरचाच दिसते.

शोभा : मलाही तोच दिसायचा. हा आत्ताच आठवला.

बायजाबाई : कोन आठवला वं?

शोभा : आमचे मालक. देवकी, त्या बायांनाही बोलव इकडे, खुर्च्या घेऊनच या म्हणा. ऐका बायजाताई, अजून एक सांगते.