बर्फातल्या पोरीचं पुस्तक

मंद्रूपच्या बसची रांग अशा उन्हात उभी होती की थांब्याची सावलीसुद्धा आत जाऊन बसली होती. हुसेनसाबांच्या पुढं हेडसर आणि माजिदाबाई वर्गासाठी पुस्तकं ठरवत होते.

"कन्नड गोष्टी घेतल्या, उर्दू घेतल्या, तेलुगूही घेतल्या. हे बर्फातल्या पोरीचं मात्र खोडतो."

"का हो सर?"

"आपल्या पोरांनी बर्फ बघितलाय कुठं? गोळेवाल्याकडं तेवढा."

"नमुन्याची प्रत वर्गात वाचली, तर दुसऱ्या दिवशी काव्या स्वेटर घालून आली."

"एप्रिलात?"

"नंदीशला तर सर्दी झाली. त्याच्या आईची चिठ्ठी आहे माझ्याकडं."

"काहीतरीच सांगता बाई."

"पोरांनी पंखा बंद करायला लावला. तुम्हीच विचारायला आलात की, लाईट गेली का म्हणून."

सरांनी खोडायला काढलेलं पेन खिशात ठेवलं. बस काही येईना.

"आणा बघू इकडं."

"यादी तुमच्याच हातात आहे की."

"यादी नको. पुस्तक आणा."

बाईंनी पिशवीतून काढून दिलेल्या पुस्तकाची सरांनी दोन पानं वाचली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"सर," मागून हुसेनसाब म्हणाले, "पान जरा दमानं उलटा. आमी अजून पहिल्याच बर्फात हाय."